माझ्यासाठी शिवलेला कोट

अंगात कोट घातलेला कॉम्प्युटर तुम्ही पाहिला नसेल. मी तोच बोलतोय. टेबलावरचा चमकता पडदा म्हणजे मी नव्हे. मी त्याच्या शेजारची काळी पेटी. डोकं माझं, कौतुक त्याचं. चालायचंच.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. थर्माकोलमध्ये बसून खोक्यातून आलो आणि डोळे उघडले ते या घरात. इथल्या सूनबाई इमारतींचे नकाशे काढतात. आधी त्या कचेरीत जायच्या. मग सासऱ्यांचे हात कापायला लागले, गॅस चालू राहायला लागला, तेव्हा त्यांनी काम घरी आणलं आणि कामासाठी मला. म्हणजे मी चाललो तर सूनबाई घरात. मी बंद पडलो तर त्या पुन्हा कचेरीत आणि सासरे दिवसभर एकटे. हे कुणी बोलून दाखवलं नाही, पण सासऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

सूनबाई त्यांना बाबा म्हणतात. बाबा जन्मभराचे शिंपी. हात कापायला लागल्यावर दुकान बंद झालं आणि माझी राखण हेच त्यांचं काम झालं. माझ्याजवळ चहाचा कप दिसला की, "आधी तो उचल." ढग गडगडले की, "बंद कर गं, वीज कुणाची सगी नसते." सूनबाई मला रीतसर बंद करेपर्यंत ते प्लगपाशी उभे. माणसांपेक्षा माझीच बडदास्त जास्त.

मग त्यांना माझ्यावरची धूळ दिसली. टेप आणून त्यांनी माझी मापं घेतली आणि उरलेल्या कापडाचा जाडजूड कोट शिवला. मागे तारांपुरतं भोक. कापत्या हातांनी एवढी सरळ टीप कशी मारली, देव जाणे. सूनबाई म्हणाल्या, "बाबा, झकास!" खरंच झकास होता.

पण तो मी चालू असतानाही अंगावर राहायला लागला. "धूळ काय हा बंद असतानाच येते?" असा बाबांचा सवाल. सूनबाईंना त्यांचं मन मोडवेना. आता माझ्या पोटात एक पंखा आहे. गरम हवा बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. ती जाणार कुठून? पंखा जिवाच्या आकांताने फिरू लागला, घरघरू लागला.

"बाबा, हा आवाज कसला?"

"राबतोय बिचारा," बाबा म्हणाले. आवाजाचा सुनेला त्रास नको म्हणून त्यांनी कोटाच्या आत कापसाचा एक थर लावला, तोही घाईघाईत, अस्तर न घालता. घ्या! आगीतून फुफाट्यात.

एके दुपारी एका शाळेचा नकाशा पुरा होत आला होता आणि मी बंद पडलो. डोकं फार तापलं की मी आपणहून डोळे मिटतो. सूनबाईंनी पुन्हा चालू केलं, मी पुन्हा पडलो. त्यानंतर उठलोच नाही. त्यांचं सगळं काम माझ्या पोटातल्या एकाच डिस्कवर होतं. दुसरी प्रत कुठेही नव्हती.

"सगळं जाईल का गं?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

दुरुस्तीवाली बाई आली. तिने कोट उतरवला, झाकण काढलं आणि पंख्यात अडकलेला एक बोळा ओढून काढला. "मला वाटलं धूळ असेल. हा तर कापूस आहे. कोट कुणी घातला याला?"

"मीच," सूनबाई पटकन म्हणाल्या.

बाबांनी पुढे येऊन तो बोळा बोटांत चोळून पाहिला. "खोटं बोलू नकोस. माझा कापूस मला कळत नाही होय?" मग ते दुरुस्तीवालीला म्हणाले, "चूक माझी. कोट श्वासापुरता सैल ठेवायचा, हे शिकाऊंना मीच ओरडून सांगायचो."

दुरुस्तीवाली डिस्क तपासायला बसली. मग बाबा हळूच म्हणाले, "काम गेलं असेल तर तू जा गं कचेरीत. मी राहीन एकटा."

"गप बसा, बाबा."

शाळेचा नकाशा पडद्यावर उमटला तेव्हा बाबा मटकन खुर्चीत बसले आणि टोपी तोंडावर धरून रडले.

आता मी भिंतीपासून हातभर लांब, उघडाच बसतो. काम संपलं की सूनबाई नकाशांची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवतात. मी बंद होऊन गार झालो की बाबा माझ्यावर हलका कपडा टाकतात. माझं वय झालंय, कुरकुरतोही.

तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला वारा लागू द्या. आणि एखादं म्हातारं माणूस त्याला जरा जास्तच जपत असेल तर हसू नका. बाबांचं माझ्यावर काही प्रेमबिम नव्हतं. त्यांना घरात सूनबाई हव्या होत्या.