शेजारच्या लेथवरचा आकडा

१९८१ साली कापडगिरणीला कुलूप लागलं आणि एकाच घरातल्या दोघी जावांनी कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे मोठ्यांना हातचं काम शिकवणाऱ्या शाळेत, लेथकामाच्या, म्हणजे फिरत्या यंत्रावर लोखंड कातायच्या, वर्गात नाव घातलं. कल्पना थोरलीची. धाकटी नुसती सोबत म्हणून आली आणि तिथेच सगळं बिनसलं.

कारण धाकटीला ते जमलं. थोरली रात्रंदिवस मापं घोकायची, धाकटी गुणगुणत लोखंडाची पिन कातून मोकळी व्हायची. तिची पिन उजेडाला धरून मास्तर नुसतं "हं" म्हणायचे, पण काय ते "हं"! थोरलीच्या वाट्याला "ठीक आहे" यायचं. घरी सासूबाई जखमेवर मीठ चोळायच्या, की धाकटीच्या हाताला यंत्र कळतं हो. मग स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच ठेवली जायची.

वर्कशॉपात मदतनिसाची एकच जागा होती. परीक्षेत जिची पिन सरस, तिला ती मिळणार होती. थोरलीला ती हवीच होती. वाट आपण शोधली आणि मिरवणार ही, या विचाराने तिचा जीव जळत होता.

परीक्षेला दोघी शेजारी उभ्या होत्या. कातायचा शेवटचा हात राहिला होता, दोघींना सारखंच कातायचं होतं. थोरलीने हत्यार पुढे सरकवायच्या आपल्या चाकावर दहा खुणा लावल्या. बरोबर लावल्या होत्या. पण राहवेना. मान वळवून पाहिलं, तर धाकटीच्या चाकावर वीस.

थोरलीने आपलं चाक पुन्हा पाहिलं. धाकटी चुकेल कशी, आपणच चुकलो. तिनेही वीस लावल्या आणि हत्यार पुढे सरकवलं.

आता, थोरलीचा लेथ जुना. त्याच्या चाकावर दहा खुणा फिरवल्या की पिन वीसने बारीक व्हायची, दोन्ही बाजूंनी कातली जायची म्हणून. धाकटीच्या नव्या लेथवर आकडाच दुपटीचा कोरलेला, तिथे वीस लावल्या की पिन वीसनेच बारीक व्हायची. मास्तरांनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि थोरलीला ते तोंडपाठ होतं. पिन मोजली, ती दुप्पट कातली गेली होती, तेव्हा आठवलं. गेलेलं लोखंड काही परत येत नाही.

बाहेर पडताना धाकटी हळूच म्हणाली, "ताई, माझ्याकडे बघितलंत ना? विचारलं असतंत तर सांगितलं असतं मी."

"तुला विचारण्यापेक्षा पिन गेलेली बरी," थोरली म्हणाली, आणि ते तिच्या मनातलंच होतं.

जागा धाकटीला मिळाली. पुढच्या वर्षी थोरलीने पुन्हा परीक्षा दिली, मान एकदाही न वळवता. पिन अचूक उतरली. ती तपासायला समोर बसली होती मदतनीस, म्हणजे धाकटीच. तिने तीनदा मोजली, पैकीच्या पैकी मार्क दिले आणि डोळे पुसले. थोरलीला आनंद झाला, पण मार्क देणारी हीच का, म्हणून तोही अर्धाच.

मास्तर निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. सासूबाई शेवटपर्यंत धाकटीचंच कौतुक करत गेल्या. धाकटी पुढे त्याच वर्गाची मास्तरीण झाली. थोरली पंपाच्या कारखान्यात तपासनीस झाली; तिच्या नजरेखालून खराब माल कधी सुटला नाही. धाकटीच्या निरोपसमारंभाला ती पहिल्या रांगेत बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिनेही वाजवल्या आणि शेजारणीला सांगितलं, की वर्गात नाव घालायची कल्पना मुळात माझी.