दीड धार

"गाडी बंद पाडशील का?" दिलगीरने मला विचारलं, तेव्हा मी बसच्या पुढच्या काचेवर पाणी मारत होतो.

"कुठे?"

"कुठेही. फक्त धबधब्याच्या अलीकडे."

मी फडकं पिळलं. सहल कंपनीत ड्रायव्हर म्हणून मला लोकांनी नाना परींनी गळ घातली आहे. खिडकीची जागा द्या, वळणावर हळू घ्या, सासूबाईंना शेवटच्या बाकावर बसवा. पण गाडी पोहोचूच नये म्हणून हात जोडणारा हा पहिलाच, आणि तोही कंपनीचाच माणूस.

त्याला दिलगीर म्हणायचे, कारण त्याचं प्रत्येक पत्र 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत' या वाक्याने सुरू व्हायचं. जिन्याखालच्या खोलीत त्याचं टेबल होतं. सहलीहून तोंड पाडून परतलेले प्रवासी अभिप्रायाच्या कागदावर राग काढत, मी ते कागद लिफाफ्यात घालून त्याच्या टेबलावर नेऊन टाकी, आणि आठ दिवसांच्या आत प्रत्येकाला उत्तर जाई. उन्हाळ्यात गेलेल्याला तो लिहायचा, आपण पावसाळ्यात जायला हवं होतं. पावसाळ्यात गेलेल्याला लिहायचा, धुक्यामुळे आपली संधी हुकली. दोन्ही ऋतूंत जाऊन आलेल्या एका चिवट मास्तरांना त्याने लिहिलं की सृष्टीचं खरं रूप तिसऱ्या भेटीत उलगडतं. मास्तर तिसऱ्यांदा गेले. वर आभाराचं पत्र आलं.

आमच्या सहली होत्याच तशा. सूर्यास्ताच्या कड्यावरून सूर्य मावळायचा तो सिमेंटच्या गोदामामागे, आणि लोक गोदामालाच टाळ्या वाजवून परत यायचे. प्रतिध्वनीच्या दरीत खरं तर खालचा चहावाला ओरडून उत्तर द्यायचा. एकदा एका नवरदेवाने बायकोचं नाव घेऊन मोठ्याने हाक मारली, तर दरीतून आवाज आला, "आज दुकान बंद आहे." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं आहे, निदान अर्धं तरी.

पण या सगळ्यांत वरचढ होता तो धबधबा. 'सात धारांचा धबधबा' असं आमच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं, आणि ते लिहिलं होतं दिलगीरनेच. नोकरीला लागल्या लागल्या मालकांनी त्याच्यापुढे एक जुना फोटो टाकला आणि म्हणाले, यावर चार ओळी लिही. फोटोवर उभे ओरखडे पडले होते. या पठ्ठ्याने भिंग लावून ते सगळे मोजले. खरी धार एकच होती, बाकीचे सहा ओरखडे.

ते पत्रक हातात घेऊन एके दिवशी एक मुलगी काउंटरवर आली. तिची थोरली बहीण आजारी होती, पायांतली ताकद जात चालली होती, आणि पाय पुरते जाण्याआधी तिला हा धबधबा दाखवायचा होता. मुलीने विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलाय का?"

दिलगीर म्हणाला, "पाहिलाय."

एवढंच. एका शब्दाचं खोटं. आम्ही ड्रायव्हर लोक सकाळी दात घासायच्या आधी याहून मोठं बोलून जातो. पण बहिणीचे पाय ठरल्या दिवसाच्या आधीच गेले, सहल राहिली, आणि मुलीने त्याला घरी बोलावलं. म्हणाली, "ताईला नुसतं सांगा कसा आहे ते." तो गेला आणि पलंगाशी खुर्ची ओढून बसला. ताईने विचारलं, आवाज कसा येतो? त्याने सांगितला. कुठे बसायचं? त्याने एक सपाट दगड सांगितला. तुषार अंगावर येतात का? तो म्हणाला, माझा सदरा ओला झाला होता. पुढच्या आठवड्यात तो परत गेला, मग त्याच्या पुढच्या. वर्षभराने त्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि ताई त्यांच्याच घरी राहायला आली. अकरा वर्षं ती पलंगावर होती. रोज दुपारी जेवणं झाली की धबधबा व्हायचा. तो कामावर असला की वहिनी सांगायच्या, त्याच्याकडून ऐकलेलं, शब्दाला शब्द.

ताईला जाऊन आता तेवीस वर्षं झाली होती. दिलगीरच्या निवृत्तीला पंधरा दिवस उरले होते. कंपनीने भेट म्हणून दोन तिकिटं दिली, हव्या त्या सहलीची, आणि वहिनींनी यादी न बघताच ठिकाण सांगितलं.

"त्यांना सांग ना, ऋतू बरोबर नाही म्हणून," मी म्हणालो.

"सांगितलं. म्हणाली, ताईनं कधी ऋतू विचारला नव्हता."

"रस्ता खराब आहे म्हणून सांग."

"तिने नवा चष्मा केलाय रे," तो म्हणाला. "लांबचं नीट दिसावं म्हणून. खास यासाठी."

मी म्हटलं, बघतो. गाडी बंद पाडण्यात माझा हातखंडा होता. आमची बस चढावर अशी खोकायची, की एका प्रवासी डॉक्टरने तिला दिवसातून दोनदा घ्यायचं औषध लिहून दिलं होतं. पण त्या दिवशी वहिनी पहाटेच येऊन माझ्या मागच्या पहिल्या बाकावर बसल्या. मांडीवर पर्स, पर्समध्ये चष्म्याचं घर. दर वळणाला विचारायच्या, "भाऊजी, आलं का?" मी दोनदा पाय उचलला, दोनदा आरशात बघितलं आणि पाय परत ठेवला. बसही त्या दिवशी शहाण्यासारखी धावली. जन्मात पहिल्यांदा आम्ही वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचलो.

तीस पायऱ्या, मग लोखंडी कठडा. कठड्यापलीकडे एक काळा तिरका कातळ आणि त्यावरून उतरणारं पाणी. पाणी कसलं, कोणी तरी वर नळ नीट बंद केला नव्हता असं वाटावं. प्रवाशांपैकी एक जण म्हणाला, "हा रस्ता असेल, धबधबा पुढे असेल." दुसरा म्हणाला, "सात धारा म्हणे. मी मोजतो दीड." एकाने साबण आणि टॉवेल आणला होता, तो गुपचूप पिशवीत परत ठेवला.

वहिनींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग पुन्हा काढून पुसला.

"तो सपाट दगड कुठला हो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"कुठला?"

"तुम्ही बसला होतात तो. सदरा ओला झाला होता."

तिथे सपाट असं काहीच नव्हतं. शेळीसुद्धा बसली नसती त्या कातळावर. दिलगीरने तोंड उघडलं. त्याच्याजवळ तीन उत्तरं तयार होती, मी त्याला ओळखतो. दगड पुरात गेला. वर धरण झालं. ही बाजू नव्हे, पलीकडची. माझ्याजवळ चौथंही होतं, आणि ते जास्त चांगलं होतं.

तो म्हणाला, "मी इथे पहिल्यांदाच येतोय."

वहिनी पाण्याकडेच बघत होत्या. "आणि ताईला सांगायचात ते?"

"फोटो बघून."

त्यांनी चष्मा घरात ठेवला, घर पर्समध्ये ठेवलं आणि एक एक पायरी बघत वर गेल्या. बसमध्ये त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर मी नेहमीप्रमाणे अभिप्रायाचे कागद वाटले. वाटलं, यांना नको द्यायला. पण त्यांनीच हात पुढे केला आणि म्हणाल्या, "पेन असेल तर द्या." कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या.

दुसऱ्या दिवशी मी लिफाफा जिन्याखालच्या खोलीत नेला. दिलगीरने अक्षर ओळखलं. वाचलं, आणि मग कागद माझ्याकडे सरकवला.

वहिनींनी लिहिलं होतं: 'पायऱ्या नीट आहेत. ड्रायव्हर गाडी चांगली चालवतात, बोलतात जरा जास्त. पाणी कमी होतं याबद्दल माझी तक्रार नाही, पाणी कोणाच्या हातात नसतं. माझी तक्रार अशी आहे की माझी बहीण अकरा वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि रोज दुपारी उठून एका ठिकाणी जाऊन यायची. ती गेल्यावर मला वाटायचं, आपण कधी तरी तिथे जाऊ, तिथे तिची चाहूल लागेल. आज मी गेले. ते ठिकाण तिचं नाही. आता मी तिला कुठे शोधू, ते कळवावे.' खाली सही, पत्ता. पत्ता म्हणजे त्याचाच.

"घरी बोलतात का?" मी विचारलं.

"बोलते. किल्ली कुठे आहे, दूध आलं का, एवढं बोलते."

"मग घरीच काय ते सांग ना. पत्राचं पत्राने कशाला?"

"तिने रीतसर तक्रार केली आहे," तो म्हणाला. "रीतसर उत्तर गेलं पाहिजे."

चार दिवस तो त्या एका कागदापुढे बसून होता. केराची टोपली भरली. मी एक चिठ्ठी उचलून उलगडली, तर त्यावर 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही' एवढंच होतं. दुसरीवरही तेवढंच. दहा मिनिटांत मास्तरांना तिसऱ्यांदा पाठवणारा माणूस, त्याला 'आम्ही'च्या पुढे शब्द सापडेना. मी आपला मदतीला गेलो. म्हटलं, लिही की मूळ धबधबा एका राजाने विकत घेऊन आपल्या बागेत नेला. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी माझा चहा घेऊन बाहेर आलो.

पाचव्या दिवशी सकाळी तो बसपाशी उभा होता. वही, पेन्सिल, डब्यात पोळी-भाजी नाही की काही नाही, नुसती पाण्याची बाटली.

"आज तिकडे जाते ना गाडी?"

मी त्याला तीस पायऱ्यांपाशी सोडला आणि प्रवाशांना घेऊन प्रतिध्वनीच्या दरीकडे गेलो. परत आलो तोवर संध्याकाळ झाली होती. हा कठड्याला टेकून खालच्या पायरीवर बसलेला, मांडीवर वही. उन्हाने नाक लाल झालं होतं. एक बाई पायऱ्या उतरून आल्या आणि त्याला विचारलं, "काका, धबधबा कुठाय?"

त्याने पेन्सिलीने दाखवला आणि त्यांना दिसावं म्हणून थोडा सरकला.

"एवढाच?"

"एवढाच," दिलगीर म्हणाला. "पण जरा थांबलात तर डावीकडून आणखी एक धार दिसते. वारा पडला की येते, वारा आला की जाते. मी सकाळपासून अकरा वेळा बघितली."

बाई थांबल्या नाहीत. पण मी थांबलो. तेवीस-चोवीस वर्षं मी तिथे गाडी नेतोय, आणि खरं सांगतो, ती अर्धी धार मी नीट अशी त्या दिवशीच पाहिली. यात माझ्या पदरचं काही नाही.

मुदतीच्या आठव्या दिवशी मी उत्तर घेऊन त्यांच्या घरी गेलो. टपालाने एक दिवस उशीर झाला असता, आणि त्याच्या कारकिर्दीत एकही उत्तर उशिरा गेलं नव्हतं. तो स्वतः खिडकीशी बसला होता, पाहुण्यासारखा. पलीकडच्या भिंतीलगत ताईचा पलंग अजून होता, त्यावर इस्त्रीचे कपडे. मी लिफाफा वहिनींच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला आणि कागद वाचला, मग माझ्यापुढे धरला. तक्रारीत माझाही उल्लेख होता, म्हणून दाखवला असेल.

त्यात 'दिलगीर आहोत' नव्हतं. कोणत्या ऋतूत जावं तेही नव्हतं. लिहिलं होतं: 'बसायला दगड नाही. पायरीवर बसावं लागतं. सदरा ओला होत नाही. पाणी वीतभर रुंद आहे, खाली येईपर्यंत चार बोटं राहतं. पाण्याचा रंग पाण्याचाच आहे. आवाज मी सांगायचो तसा नाही. शेजारच्या खोलीत कोणी पुस्तकाची पानं उलटत असावं, तसा आहे. दोन माणसं बोलू लागली की तो ऐकू येत नाही, म्हणून गप्प बसावं लागतं. दुपारी एकनंतर कातळावर ऊन येतं आणि शेवाळ हिरवं दिसतं, त्याआधी काळं. एक पक्षी दोनदा पाणी प्यायला आला, त्याचं नाव मला ठाऊक नाही. ती कुठे आहे, ते मला सांगता येत नाही. तिने विचारलं असतं त्यातलं जेवढं सुचलं तेवढं बघून आलो.'

वहिनींनी कागद परत घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. ओठ हलत होते.

"पाणी गार होतं का?" त्यांनी विचारलं. कागदाकडेच बघत विचारलं, त्यामुळे कोणाला विचारलं ते कळलं नाही.

माझ्या जिभेवर उत्तर आलंच होतं. असं गार, की हात घातला तर अंगठीचं माप बदलावं. मी श्वाससुद्धा घेतला होता.

"माहीत नाही," दिलगीर म्हणाला. "हात लावला नाही. कठडा ओलांडावा लागतो."

"ताईनं पहिलं तेच विचारलं असतं."

"हो."

मग वहिनी उठल्या, कपाटातून कोरा कागद काढला आणि त्याच्यापुढे ठेवला.

"नीट अक्षरात उतरवून द्या," त्या म्हणाल्या. "आणि आवाजाच्या नंतर जागा सोडा. गारव्यासाठी."

दिलगीरने खुर्ची टेबलाशी ओढली. उभ्या जन्मात त्याने कागदावर कोरी जागा ठेवली नव्हती. जिथे म्हणून रिकामं दिसलं तिथे त्याने काही ना काही भरलं होतं. तो आवाजापर्यंत आला, पेन उचललं, डाव्या हाताची चार बोटं कागदावर आडवी ठेवून अंतर मोजलं आणि त्याखाली दुपारच्या उन्हाची ओळ लिहायला घेतली.