हालिनाचं नाव

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी अमांदियु माझ्या टेबलासमोर येऊन बसला. टोपी गुडघ्यावर, शेजारी बायको इव्होन, तिच्या कुशीत बारा दिवसांची मुलगी. आमच्या डोंगराळ भागातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी मीच करते. ह्या अमांदियुचा जन्मसुद्धा मीच नोंदवलेला.

"नाव काय ठेवताय?"

"हालिना."

मी मंजूर नावांची सरकारी यादी पाहिली. आईबाप दोघंही पोर्तुगीज असले की नाव यादीतलंच लागतं.

"हे नाही रे यात. हेलेना आहे. लिहू?"

"हेलेना कोण, फेलिस्मिनाबाई? हेलेना तिथं नव्हती!"

हालिना कोण, हे मला ठाऊक होतं. युक्रेनहून आलेली ही बाई नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या आजारी म्हातारीची सेवा करत होती. इव्होनला कळा सुरू झाल्या त्या सकाळी बर्फानं रस्ता बंद. रुग्णवाहिका खाली पुलाशीच अडकली. तेव्हा हालिना बाह्या सरसावून आत गेली. तिकडे युक्रेनमध्ये ती गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायची. नाळ बाळाच्या गळ्याभोवती आवळली होती. तिनं ती बोटानं अलगद सोडवली. काळंनिळं पडलेलं पोर पाठ चोळून रडतं केलं.

"अर्ज करता येईल," मी म्हटलं, "पण महिने जातील. आणि नोंदीला आठच दिवस उरलेत."

"असला कसला कायदा! पोर माझं, नाव माझं..."

"हळू बोल," इव्होन म्हणाली. "आत्ता कुठे डोळा लागलाय तिचा."

ती दोघं निघून गेली. मला दिवसभर चैन पडलं नाही. नियम मी केलेला नाही, पण 'नाही' माझ्याच तोंडून आलं होतं.

शुक्रवारी ती दोघं पुन्हा आली, सोबत हालिना. धुवट कोट, लाल झालेले हात. ती माझ्यावर रागावली असेल असं वाटलं. तिनं उलट अमांदियुकडेच बोट दाखवलं.

"ह्यानं मला विचारलंसुद्धा नाही, बाई! मला कुठे आवडतं माझं नाव? वर्गात चार हालिना होतो आम्ही."

"आता सांगतेस होय!" अमांदियु म्हणाला.

"अगं, पण अर्थ काय त्याचा?" इव्होननं विचारलं.

"आई सांगायची, वारा पडल्यावर समुद्र असतो ना, तशी. शांत." ती हसली. "मी कधीच नव्हते."

इव्होननं क्षणभर बाळाकडे पाहिलं. "म्हणजे आपल्या भाषेत सेरेना."

मी यादी खाली सरकवली. सेरेना होतं.

अमांदियुनं हालिनाकडे पाहिलं. "चालेल तुला?"

ती बाळाचं टोपडं सारखं करत बसली. ते आधीच सारखं होतं. मग तिनं नुसती मान डोलावली आणि मी नाव लिहिलं.

रविवारी चर्चसमोरच्या कॅफेत कुणीतरी अमांदियुला डिवचलं, "काय रे, हरलास ना कचेरीपुढे?"

"हरलो कुठे?" तो म्हणाला. "नाव हालिनाचंच आहे. फक्त पोर्तुगीज बोलतं."