स्वतःची कढई

"बाना चिलेशे, आज शेगडी पेटवू नका," शाळेच्या फाटकातून बाहेर येत रखवालदार कासोंडे म्हणाला. "सरांनी सांगितलंय. इथं विकायचं नाही. आजपासूनच."

कोळसा तर केव्हाच फुलला होता, तेलही तापलं होतं. बाना चिलेशेनं हातातला पिठाचा गोळा तेलात सोडलाच.

"का म्हणे?"

"धुळीत तळलेलं खाऊन पोरं आजारी पडतात."

"कुठलं पोर पडलं? नाव सांग की."

कासोंडेनं टोपी काढून डोकं खाजवलं. "मला कशाला विचारता? मी फाटक उघडतो आणि लावतो. तुमच्या कढईला हात लावायची पाळी माझ्यावर आणू नका, एवढंच."

त्याच्याशी भांडण्यात अर्थ नव्हता. तिनं तेल निवू दिलं, शेगडी उचलली आणि ती घराकडे निघाली. पण डोक्यातली आग काही निवेना.

कासामा गावातल्या त्या वसतिशाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उभी हयात काढली होती. लेक चिलेशे पाठीशी बांधलेली असताना ती कामाला लागली, तेव्हापासून सगळे तिला बाना चिलेशे, म्हणजे चिलेशेची आई, म्हणू लागले, आणि लेक कमावती झाली तरी ती तिथंच मक्याच्या पिठाच्या घट्ट न्शिमाची पातेली घोटत होती. एके दिवशी मुख्याध्यापक सिकाझ्वे सरांनी स्वयंपाकघराचं काम एका ठेकेदाराला दिलं. जुन्या बायकांना एकेक घोंगडं देऊन निरोप दिला. इतर बायका रडल्या. बाना चिलेशेनं घोंगडं बाजारात विकलं आणि कढई घेतली.

फाटकासमोर रस्त्याच्या पलीकडे आंब्याचं झाड होतं. त्याच्याखाली बसून ती फितुंबुवा तळू लागली. फितुंबुवा म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोड गुलगुले. पहिले काही दिवस ती फाटकाकडे डोळे लावून बसायची. कुणी आलंच नाही तर? पण पोरांना तिचा हात माहीत होता. मधल्या सुट्टीत झाडाखाली झुंबड उडू लागली. एखादं पोर रडवेलं दिसलं की ती त्याच्या हातावर एक जास्तीचा गुलगुला ठेवायची. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला विचारावं लागत नव्हतं.

मग सरांच्या बायकोचं येणं सुरू झालं. गाडी बाजूला लावून मॅडम चक्क तिच्या स्टुलावर बसायच्या.

"काय चव आहे हो तुमच्या हाताला! केळं घालता का यात?"

"घालते ना. पार काळं पडलेलं. तसलंच लागतं."

बाना चिलेशेनं सगळं सांगितलं. पीठ किती सैल असावं हे समजावं म्हणून मॅडमचा हात धरून पिठात बुडवला. एवढी मोठी बाई आपल्यापाशी येऊन बसते याचं तिला अप्रूप होतं. आता ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटे.

कारण तिला उठवलं त्याच आठवड्यात फाटकाच्या आत, ऑफिसला लागून, निळ्या रंगाचं नवं दुकान उघडलं. मॅडमचं दुकान. कासोंडेनंच येऊन सांगितलं.

"काय विकतात तिथं?"

कासोंडे जायला वळला.

"फितुंबुवाच ना?"

"तेच," तो म्हणाला. निघताना त्यानं मान वर केली नाही.

पुढच्या सोमवारी मॅडमचं बोलावणं आलं. बाना चिलेशेनं ठेवणीतलं चितेंगेचं छापील कापड कमरेला गुंडाळलं. लाज वाटली असेल बाईला, अशी वेडी आशा मनात घेऊन ती गेली.

"या, या," मॅडम म्हणाल्या. "मला काही तो धूर सोसत नाही हो. हात भाजून निघाले. तुम्ही इथं येऊन तळत जा. पगार देऊ, एप्रन देऊ. विकायचं मी बघते."

"म्हणजे आत बसून तळलं की पोरं आजारी पडत नाहीत?"

"तसं नाही हो. शाळेला शिस्त नको का?"

आवाज ऐकून सर बाहेर आले. "बाना चिलेशे, या वयात नोकरी कोण देतं? उपकार समजा."

"सर, तुमची पोरं मी जेवू घातली, तेव्हा माझ्या हाताला धूळ नव्हती. तुम्ही काढून टाकलंत, मी गप्प बसले. स्वयंपाकघर तुमचं होतं. पण ते झाड रस्त्यावरचं आहे. तिथं मी माझी मी बसले होते. तेवढंही बघवलं नाही तुम्हाला?"

"आवाज खाली!"

"आयुष्यभर खालीच होता, सर."

ती फाटकाबाहेर पडली.

घरी लेकीनं तिला धारेवर धरलं. "दर महिन्याचा पगार, आई! डोक्यावर छप्पर! आणि तू नाही म्हणून आलीस? आता काय मान शिजवून खायचा?"

"माझ्याकडून शिकून मलाच हाताखाली ठेवतेय ती. तू असतीस तर गेली असतीस?"

चिलेशेनं क्षणभर विचार केला. "गेले असते," ती म्हणाली.

मॅडमच्या बोलण्यापेक्षा तेच जास्त लागलं.

बाना चिलेशेनं बसस्टँड गाठला. तिथल्या बायकांनी तिला जवळ फिरकू दिलं नाही. "आमचंच इथं भागत नाही, त्यात ही कुठून उपटली?" त्यांनी तिला अगदी टोकाला, पंक्चरवाल्याच्या भिंतीशी रेटलं. ती तिथं बसली. पहिले कितीतरी दिवस अर्धी टोपली तशीच घरी गेली.

सुट्ट्या लागल्या तेव्हा गावी निघालेल्या शाळेच्या मुली तिला बघून धावत आल्या.

"तुम्ही इथं असता होय! आमच्या स्नेहसंमेलनात मॅडमचा सत्कार झाला. त्यांनी भाषण केलं, स्वतःचा धंदा शून्यातून कसा उभा करायचा त्यावर."

"शून्यातून?" बाना चिलेशे म्हणाली. तिचा हात कढईवर तसाच राहिला. पिठाचा थेंब शेगडीत पडून जळाला. "बरं बोलल्या का?"

"खूप टाळ्या पडल्या."

तिनं त्यांना गुलगुले बांधून दिले. मुलींची बस गेली.

दुपारी म्बालाहून खच्चून भरलेली बस आली. कंडक्टर घाईघाईनं भिंतीपाशी आला, एक गुलगुला तोंडात टाकून त्यानं टोपलीवर हात ठेवला.

"मावशी, सगळीच्या सगळी पाहिजे. येताजाता रोज घेईन. पण भाव मालकिणीशी ठरवतो. कुठंय ती?"

सवयीनं बाना चिलेशेची मान मागे वळली. मागं फक्त धुरानं काळी पडलेली भिंत होती. मग तिनं हात पुसले, पाठ ताठ केली.

"बोल," ती म्हणाली.