शीटवरचं लाल फळ

वाळवलेल्या झाडपाल्याच्या संग्रहालयात मी एकतीस वर्षं चिकटवाचिकटवी केली. डहाळी वर्तमानपत्रात दाबायची, वाळली की जाड शीटवर लावायची, कोपऱ्यात चिठ्ठी, सुटं फळ कागदी पाकिटात. माझी बोटं बारीक म्हणून सरांनी पहिल्याच दिवशी मला 'चिमटी' म्हटलं. ते नाव इतकं बसलं की पेन्शनच्या कागदांवर माझं खरं नाव वाचून कारकून म्हणाला, "या कोण?"

सर म्हणजे आमचे वनस्पतिशास्त्रज्ञ. राग कायम नाकावर. पण डोंगरावर गेले की माणूसच बदलायचा. ढगात बुडालेलं ते रान, शेवाळाने फुगलेली खोडं, आणि तंबूत रॉकेलच्या स्टोव्हवर ओले कागद शेकत बसलेलो आम्ही दोघं. सर बेसूर गुणगुणायचे, मी हसू दाबायचे, चहाला रॉकेलचा वास यायचा. त्या दिवसांसाठी आजही जीव तुटतो. तसं सुख पुन्हा वाट्याला आलं नाही, हे मी नवऱ्यालाही सांगितलंय. पेपर खाली न घेता तो "माहितीये" म्हणाला.

अशाच एका दुपारी सरांना ते झाड सापडलं. राखाडी साल, मागून रुपेरी पानं, जगात कुणीच न नोंदलेलं. फांदीवर तीन कळ्या मिळाल्या, फळ एकही नाही. पण झाडाखाली एक लालभडक, पाच कंगोऱ्यांचं फळ पडलं होतं. सर कळ्यांत गुंतलेले असताना मी ते उचलून पाकिटात घातलं. जमिनीवरून उचललेल्या फळाच्या पाकिटावर 'खाली पडलेले' असं लिहायचंच, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. मी पेन्सिल काढली, तोच सरांनी पाकीट ओढून घेतलं. "चिमटे, काय फळ आहे बघ!" म्हणत ते चक्क नाचले. लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, मी राहू दिलं. हे फळ दुसऱ्याच कशाचं असेल ही शंका मनात होती, पण त्या आनंदावर पाणी टाकायचा धीर झाला नाही.

सरांनी तेच फळ धरून झाडाचं वर्णन छापलं, झाडाला नाव दिलं. आयुष्यात त्यांनी नाव दिलेलं ते एकच झाड. मग शोधपथकं गेली ती लाल फळ शोधत. प्रत्येक अहवालात एकच रडगाणं : 'फळ हुबेहूब, परंतु ते एका वेलीचे आहे, झाड आढळले नाही.' ते अहवाल फाइलला लावणारी मीच. मूग गिळून लावत राहिले. शेवटी झाड नामशेष ठरलं, त्या झाडापायी रानाला मिळालेलं संरक्षण उठलं, खालचा उतार रस्त्यासाठी साफ झाला. आता वरचा उतारही तोडायचा की नाही, ते महिनाभरात ठरणार होतं.

मला निवृत्त व्हायला पाच आठवडे होते. मी त्या तीनांतली एक कळी गरम पाण्यात मऊ केली, पात्याने कापली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. अंडाशयात, म्हणजे ज्याचं पुढे फळ होतं त्या भागात, कप्पे दोन. पाकिटातल्या फळात पाच. एकाच झाडाचं फूल आणि फळ असं असूच शकत नव्हतं. मी कपाळाला हात लावला.

सर तेव्हा अंथरुणाला खिळलेले. सरांच्या बायकोने, काकूंनी, दारातच बजावलं, "त्यांना त्रास होईल असं काही बोलू नकोस हं. दिवसभर त्या झाडाचंच सांगत असतात."

तरी आत गेले आणि सगळं सांगून टाकलं, पेन्सिलीसकट.

सर असे भडकले की काकू धावत आल्या. "इतकी वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरलीस?"

"हो, सर."

"आणि मी गाढव! कळी का नाही कापली?"

"तीनच होत्या."

"तरी कापायला हवी होती." बराच वेळ धापा टाकून ते म्हणाले, "दुरुस्ती लिही. माझ्या नावाने. आणि तिथल्या वनरक्षकाला फोन लाव. म्हणावं, फळ विसर. साल बघ, पान उलटं करून बघ."

वनरक्षकाचा फोन नवव्या दिवशी आला. "ताई, सापडली! वर चार उभी आहेत. एकाला तर आम्ही रोज डबे अडकवतो." मग जरा चाचरत म्हणाला, "खाली रस्त्याच्या कडेला खुंट आहेत. साल तीच. एकोणीस मोजले."

मी टेबलावर डोकं टेकलं. ती एकोणीस माझ्यामुळे गेली होती. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नव्हती.

सरांना फक्त चारांचं सांगायचं, असं मी काकूंना कबूल केलं. सांगितलं. सरांचे डोळे भरून आले. मग त्यांनी विचारलं, "आणि खालच्या उतारावर?"

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, नको.

"एकोणीस खुंट आहेत, सर."

सरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. काकू ताडकन उठून आत गेल्या. माझा चहा गार होऊन गेला तेव्हा सरांचा आवाज आला. "चारांना फळं कधी येतात?"

"माहीत नाही. कुणी बघितलंच नाही."

"मग इथे काय करतेस?"

दुरुस्ती छापली गेली, वरचा उतार वाचला. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी मी वनरक्षकाच्या चौकीत जाऊन राहिले. फळं होती वाटाण्याएवढी, हिरवी, पानाआड लपलेली. पिकली की पक्षी एका सकाळीत फडशा पाडणार, म्हणून उजाडताच मी झाडाखाली हजर.

सर गेल्याचा निरोप आला तेव्हा फळं नुकती जांभळी व्हायला लागली होती. खाली उतरून परत यायला तीन दिवस लागले असते. "ताई, तुम्ही जा, मी बसतो," वनरक्षक म्हणाला. मी नाही म्हटलं. स्टुलावर बसून पोटभर रडले, नजर मात्र फांदीवरच.

चौथ्या दिवशी बेचाळीस बिया हाती लागल्या. त्यातल्या सतरा रुजल्यात. काकू माझा फोन उचलत नाहीत. रोपं वीतभर झाली की एक त्यांच्याकडे घेऊन जाणार आहे. दार उघडतील की नाही, माहीत नाही.