झबल्यांच्या कडेला हळदकुंकू

सरूच्या जिभेला हाड नाही, असं माझ्याबद्दल सगळी रामवाडी म्हणते. खरंच आहे ते. पण त्या सकाळी खोकं उघडलं आणि माझी वाचाच बसली.

शहाण्णव साल असेल. पेणला, रामवाडीतल्या एका खोलीत आम्ही बायका शिवणकाम करायचो. परदेशातल्या एका दुकानाचं पहिलंच काम मिळालं होतं, तान्ह्या बाळांची झबली. कापूस औषध न फवारता पिकवलेला, कापडाला रंग नाही, ब्लीच नाही, आणि शिवणारीला पुरती मजुरी द्यायचीच, अशी त्या लोकांची अट. असली अट घालणारी माणसं जगात आहेत, ह्याचंच आम्हाला नवल. हा माल पास झाला की वर्षभराचं काम हातात. नाहीतर निम्म्या बायका परत मिठागरावर आणि निम्म्या नागोठण्याला कंपनीच्या गेटावर, रोजाने.

आणि खोक्यातल्या एकूण एक झबल्याला, मागच्या दुमडीवर, हळदकुंकवाचं बोट लावलेलं.

घड्या घालून माल भरायचं काम काशीबाईचं. जिते गावाहून यायची, सगळी उमर मिठागरात गेलेली म्हातारी. ती दारात चपला काढत होती.

"काशीबाय, ह्ये काय केलंस गो?"

"काय म्हंजे? नवं कापड हाय. बोट लावल्याबिगर अंगाला लावतात काय कोण?"

तिचा चेहरा इतका सरळ, की रडावं का तिला बदडावं तेच मला कळेना. "अगो, त्यांना रंगाचा ठिपका चालत नाय. वर हे बाजारातलं कुंकू, त्यात काय कालवतात ते देवाला ठाऊक."

दुपारी माल तपासून न्यायला मुंबईहून त्या दुकानाची बाई येणार होती. मी एक झबलं बादलीत बुडवलं आणि साबण चोळला. कुंकू फिकं पसरलं, पण हळद साबण लागताच पिवळ्याची लालभडक झाली. तान्ह्या बाळाच्या झबल्यावर रक्त सांडल्यासारखं दिसत होतं. मशिनीवरच्या शिल्पाने तोंडावर पदर घेतला. आगीतून फुफाट्यात पडलो होतो.

मग माझा तोल गेला. "तुझ्या एका बोटापायी सगळ्यांच्या पोटावर पाय आला," असं मी काशीबाईला सगळ्यांदेखत सुनावलं.

"माझ्या लेकीचं, जनीचं पोर बारशाआधीच गेलं," ती म्हणाली. "असल्याच कोऱ्या कापडात गुंडाळून नेलं त्याला. ह्या घड्या घालताना त्येच कापड डोळ्यांपुढं येत व्हतं गो. कोणाची पोरं ती, मला काय ठाव. पण कोरं कसं धाडू?"

खोलीतली मशिनं थांबली. जनीला मी कितीदा भेटले होते, तिच्याशी हसले-बोलले होते, आणि ह्यातलं मला काही म्हणजे काहीच ठाऊक नव्हतं.

दुकानाची बाई आली, ती नम्रता मॅडम. पोट चांगलंच दिसत होतं, सातवा लागला असावा. तिने एक झबलं उलटलं, मग दुसरं, मग तिसरं. "हा माल जाणार नाही," ती म्हणाली. मी काही लपवलं नाही, जनीचंही सांगितलं. तिने झबल्याची दुमड बोटांनी मोजून पाहिली.

"दुमड कापून नवी घाला. दोन बोटं आखूड होईल, लहान मापात बसवते. मी संध्याकाळपर्यंत थांबते. पण ठिपका दिसला तर एकही नेणार नाही."

सगळ्यांनी कात्र्या घेतल्या. काशीबाईने घेतली नाही. शुभाच्या खुणेला कातर लावायची, हे तिच्याने होईना. खाली पडणाऱ्या पट्ट्या ती ओच्यात गोळा करत राहिली. मला वाईट वाटत होतं, तरी माझी कातर थांबली नाही. काम हवं होतं आम्हाला.

संध्याकाळी शेवटचं झबलं उरलं. मी कातर लावणार तोच मॅडमने माझा हात धरला.

"हे राहू दे."

"मॅडम, ठिपका हाय त्याला."

"माहीत आहे," ती म्हणाली. दुपारी माल तपासताना जो आवाज होता, तो आता नव्हता. झबलं तिने काशीबाईपुढे धरलं.

"हे दुकानाला नाही जायचं, आजी. माझ्या घरी जायचंय. घडी तुम्हीच घाला."