शिल्लकेवरचं व्याज

यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. आजवर बसलेला नाही आणि आज या बाकावर बसलेल्या मंडळींचाही बसणार नाही, तेव्हा भुवया उंचावून उगाच कपाळ दुखवून घेऊ नका. डॉक्टर आत कासवाची नखं कापतायत. कासवाचं काम, म्हणजे वेळ लागणारच. तोवर ऐका. ज्यांच्या मांडीवर कुत्रं आहे त्यांनी त्याचे कान झाकलेले बरे, कारण गोष्ट मांजराची आहे आणि मांजराचं कौतुक कुत्र्याला सोसत नाही.

एक किल्लीवाला होता. दुकान एवढंसं, की तो आत बसला की गुडघे रस्त्यावर यायचे. पण हात असा, की कुलपासमोर तो नुसता खाकरला तरी कडी सुटायची. अर्ध्या गावानं दारं आतून लावून किल्ल्या हरवल्या आणि या माणसानं ती उघडून दिली. मात्र त्याच्या स्वतःच्या घरात एक लोखंडी पेटी होती आणि तिला हात लावायची त्याला बंदी होती, तशी शपथच बायकोनं घ्यायला लावलेली. पेटीला कुलूप त्यानंच केलेलं, लग्नाच्या वर्षी, बायकोला भेट म्हणून. किल्ली एकच, आणि ती बायकोकडे.

बायको औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचे. स्वतःचे मोजायला वेळ कमी लागायचा. किल्लीवाला तिला खजिनदारीणबाई म्हणायचा. ती त्याला ‘अहो’ म्हणायची, पण त्या ‘अहो’चे सतरा प्रकार होते.

पैसे सगळे पेटीत, कारण मुलगा शिकत होता. चार तासांवरच्या शहरात, जनावरांचा डॉक्टर व्हायला. जाताना चिरंजीवांनी आईबापांकडून शपथ घेतली. काय, तर कोर्स संपेपर्यंत घरात एकही जनावर आणायचं नाही.

“अरे, तू जनावरांचा डॉक्टर होणार ना?” किल्लीवाला म्हणाला.

“म्हणूनच सांगतोय. बाबा, मागच्या वर्षी तुम्ही लंगडं बदक आणलंत. त्याच्या आधी बहिरा कुत्रा. दोघांनी मिळून माझी वह्या-पुस्तकं खाल्ली.”

“पुस्तकं बदकानं नाही खाल्ली. कुत्र्यानं खाल्ली.”

“बदकाच्या औषधाला विकली!”

तर शपथ झाली. काटकसर सुरू झाली. एका काडीवर दोन चुली पेटवणं हे तर कुणीही करतं. या घरात चहाची पूड इतक्या वेळा उकळली जायची, की शेवटी ती रंग द्यायचा तर सोडाच, पाण्यातला होता तो रंग घ्यायची. खजिनदारीणबाईंची वही होती. तिच्यात फी, खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं अशा ओळी आणि सगळ्यात खाली एक ओळ ‘शिल्लक’. तिच्यापुढे दर महिन्याला शून्य. शून्य मात्र अगदी सुबक काढायच्या.

आणि एके दिवशी किल्लीवाल्याच्या गुडघ्यांवर, म्हणजे रस्त्यातच, एक मांजर येऊन बसलं. करड्या रंगाचं, एक कान दुमडलेला, तोंडावर भाव असा की मीच दुकानाचा मालक. दोन दिवस त्यानं ते डब्यात लपवून घरी नेलं आणि आणलं. तिसऱ्या दिवशी डबा बोलला.

“अहो,” बायको म्हणाली. हा अकरावा प्रकार. “डब्यात काय आहे?”

“भाजी.”

“कुठली भाजी म्याव म्हणते?”

मग झाकण उघडलं. मांजरानं बाईंकडे पाहिलं, बाईंनी मांजराकडे पाहिलं. कोण कुणावर भाळलं ते सांगता येत नाही, पण हिशेब तो हिशेब. बाईंनी वही आणली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “महिन्याला जे इथे उरेल तेवढ्यातच याचं खाणंपिणं. शपथ मोडलीच आहे, फी नाही मोडायची. आणि चिरंजीवांना एक शब्द कळता कामा नये.”

म्हणून मांजराचं नाव पडलं शिल्लक.

आता शिल्लक तर दर महिन्याला शून्य. पण ते मांजर वाचायला शिकलेलं असावं, कारण दुसऱ्याच सकाळी ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलं आणि नोकरीला लागलं.

“मांजर? नोकरीला?” पोपटाचा पिंजरा मांडीवर घेऊन बसलेल्या बाई, तुम्ही विचारणार हे ठाऊकच होतं. हो, नोकरीला. सकाळी नऊ ते सहा, दुपारी तासभर झोप. किराणावाल्याच्या गोदामात इतके उंदीर होते, की गोण्या आपापल्या पायांनी चालायच्या. शिल्लकेनं आठवड्यात त्या जागच्या जागी बसवल्या. पगार रोजचं पाव लिटर दूध. ज्या दिवशी शिल्लक कामाला जायची नाही, त्या दिवशी किराणावाला कॅलेंडरवर खाडा मांडायचा आणि ती महिनाअखेर कॅलेंडरपुढे बसून खाडे मोजायची. एकदा त्यानं एक खाडा जास्त मांडला, तर तिनं तीन दिवस काम बंद ठेवलं. चौथ्या दिवशी खाडा खोडला गेला.

दूध घरात येऊ लागलं. त्यातलं निम्मं शिल्लक प्यायची, निम्मं चहात पडायचं. खजिनदारीणबाई खूश. त्यांच्या मनाला एकच काळजी होती, ती किल्लीची. त्यांनी ती पिठाच्या डब्यात लपवली, तर नवरा म्हणाला, “पिठात गंजेल हो ती.” आरशामागे लपवली, तर म्हणाला, “दाढी करताना डोळ्यांवर चकाकते.” पेटीला तो कधी शिवला नाही, शपथेचा पक्का होता, पण किल्लीचा वास यायचा, त्याला तो बिचारा काय करणार! शेवटी वैतागून बाईंनी किल्ली लाल फितीत ओवली आणि शिल्लकेच्या गळ्यात बांधली. “घरात पैशाचा लोभ नसलेली ही एकटीच आहे,” म्हणाल्या.

दर रविवारी सकाळी मुलाला फोन. दहा मिनिटं, त्याहून एक सेकंद जास्त नाही, कारण फोनमध्ये पैसेच तेवढे टाकायचे. एका रविवारी बाई कपडे वाळत घालत होत्या आणि फोन किल्लीवाल्याच्या हातात होता.

“बाबा, काही शिल्लक आहे ना?” मुलानं विचारलं.

किल्लीवाला चपापला. याला कसं कळलं? बायकोनंच सांगितलं असणार. बायकांच्या पोटात काही राहत नाही, असं मनाशी म्हणून तो मोकळा झाला. “आहे तर! चांगली गुबगुबीत झालीय.”

“गुबगुबीत?”

“दिवसेंदिवस वाढतेय रे. उचलायची म्हटली तर दोन हात लागतात.”

“अहो बाबा, मग ठेवता कुठे?”

“दिवसा किराणावाल्याकडे असते. रात्री तुझ्या आईच्या पायाशी.”

“किराणावाल्याकडे? बाबा, बँकेत ठेवा ना!”

“बँकेत कशाला? बँकेत उंदीर झालेत का?”

मुलाला वाटलं, बाबांची थट्टा. तो हसला आणि निवांत झाला. पुढच्या सोमवारी वर्षाची फी भरायची शेवटची तारीख होती. आता घोर नाही, घरी रग्गड आहे, असं त्यानं मित्रांनाही सांगितलं.

आणि त्याच शुक्रवारी शिल्लक गेली. दूध तसंच. कॅलेंडरवर शुक्रवारी खाडा, शनिवारी खाडा. किल्लीवाल्यानं गल्ल्या, गच्च्या, गटारांची तोंडं पालथी घातली. रविवारी फोन लावायची वेळ झाली तेव्हा बाई शिल्लकेला हाका मारत तिसऱ्या गल्लीत फिरत होत्या आणि किल्लीवाला नाक ओढत मुलाशी बोलत होता.

“शिल्लक गेली रे.”

“किती गेली?”

“किती म्हणजे काय? अख्खी गेली! शुक्रवारपासून पत्ता नाही.”

“चोरीला?”

“छे, आपणहून. मी तिला काय कमी केलं होतं? पण शिल्लकच ती. आपल्याजवळ कधी टिकलीय?”

मुलाचा आवाज एकदम मोठ्या माणसाचा झाला. “बाबा, तुम्ही रडू नका. मी सोडतो कोर्स. आत्ता निघतो. काहीतरी काम धरीन.”

“अरे, मांज—” किल्लीवाला म्हणाला, आणि फोनमधलीही शिल्लक गेली. दहा मिनिटं संपली.

बाई परत आल्या. सगळं ऐकलं. “अहो,” म्हणाल्या, आणि हा सतरावा प्रकार होता. “तुम्ही त्याला मांजर हा शब्द सांगितलात का?”

“त्याला ठाऊकच होतं! तोच विचारत होता!”

बाईंनी बोटांवर हिशेब मांडला. तीन वर्षं बिनरंगाचा चहा प्यायला, आणि पोरगा एका मांजरापायी डॉक्टरकी सोडून निघाला. फी पेटीत मोजून ठेवलेली. पेटीची किल्ली मांजराच्या गळ्यात. मांजर बेपत्ता. मुलगा दुपारी येणार, त्याला संध्याकाळच्या बसनं पैशासकट परत पाठवायचं, तर सोमवार गाठता येणार.

“सोडवली तुमची शपथ,” बाई म्हणाल्या. “उघडा पेटी.”

किल्लीवाल्यानं बोटं मोडली, कुलपासमोर बसला आणि खाकरला. काही नाही. दोनदा खाकरला. मग तारा काढल्या, आकडे काढले, चाळीस किल्ल्या लावल्या. दोन तास गेले. घामाघूम झाला. कुलूप त्याच्याच हातचं, तरुणपणीचं, मन लावून केलेलं. ते त्यालाच ओळख देईना. शेजाऱ्याचा हातोडा आणला, तर हातोड्याचा दांडा तुटला.

“वा!” तो घाम पुसत म्हणाला. “काय कुलूप केलंय!”

“कौतुक नंतर करा हो!”

तिकडे दुपारच्या बसमधून चिरंजीव उतरले. हातात ट्रंक, तोंड उतरलेलं. स्टँडवर सामानाच्या खोलीमागून त्यांना कण्हण्याचा आवाज आला. आता डॉक्टरकी सोडलेल्या माणसानं सरळ घरी जावं की नाही? पण हा थांबला. रिकाम्या गोण्यांवर एक मांजर बाळंत होत होतं आणि अडलं होतं. पोरानं हे सगळं फक्त पुस्तकात वाचलेलं, तेही बहिऱ्या कुत्र्यानं कोपरे खाल्लेल्या पुस्तकात. त्यानं स्वेटर काढला, बाह्या वर केल्या आणि अर्ध्या तासात पाच पिल्लं मोकळी केली. बसचे ड्रायव्हर, कंडक्टर, तिकिटाच्या रांगेतली माणसं, सगळी टाळ्या वाजवू लागली. तीन बसा उशिरा सुटल्या.

आणि तो घरी आला. “बाबा,” दारातूनच म्हणाला, “शपथ मीच मोडतोय. यांना जागा द्या. खर्चाचं मी बघतो, उद्यापासून कामाला जातोय.” असं म्हणून त्यानं ट्रंक उघडली.

“शिल्लक!” आईबाप एकदम ओरडले.

“कुठंय शिल्लक?”

“तुझ्या ट्रंकेत!”

मग घरात जो गोंधळ झाला तो विचारू नका. बाईंनी मांजराच्या गळ्यातली फीत सोडली, किल्ली लावली, आणि कुलूप लोण्यासारखं उघडलं. आत फी, पै न् पै. मुलगा आधी पेटीकडे बघत राहिला, मग मांजराकडे, मग बापाकडे, आणि जो हसत सुटला तो जमिनीवरच बसला. हसता हसता डोळे पुसायला स्वेटर शोधला, तर स्वेटरात पाच पिल्लं.

“बाबा, मी खरंच सोडून आलो होतो हो,” तो म्हणाला.

“आणि मी खरंच रडत होतो रे,” किल्लीवाला म्हणाला. “फक्त दोघांचं दुःख वेगवेगळं होतं.”

संध्याकाळच्या बसनं तो परत गेला. फी सोमवारी भरली गेली, खिडकी बंद व्हायला पाच मिनिटं असताना. त्या रात्री बाईंनी वही काढली आणि शेवटच्या ओळीपुढे आयुष्यात पहिल्यांदा शून्याऐवजी काहीतरी लिहिलं: सहा.

पण खरी गंमत पुढेच आहे. बाई, पोपटाला जरा गप्प करा. ती पाच पिल्लं म्हणजे शिल्लकेवरचं व्याज. दोन महिन्यांत पाचही कामाला लागली. एक बेकरीत, एक छापखान्यात, एक धान्याच्या कोठारात, एक पोस्टात, आणि धाकटं तर थेट बँकेत, कारण बँकेत खरोखरच उंदीर झाले होते. दर एक तारखेला पाचही जणं रांगेनं यायची, पेटीपुढे बसायची आणि आपापल्या पगाराचं—

“म्हणजे शेवटच्या वर्षाची फी मांजरांनी भरली?” ससा घेऊन बसलेल्या गृहस्थांनी विचारलं.

अर्ध्याहून जास्त! पावत्या आहेत. प्रत्येक पावतीवर पंजाचा ठसा आहे. आणि ही सगळी जिची पुण्याई, ती पाचांची माउली शिल्लक, ती पाहा, आता म्हातारी होऊन त्या खिडकीत ऊन खात पडलीय. कान पाहा, दुमडलेला आहे की नाही? आता तरी विश्वास—

आतलं दार उघडलं. डॉक्टर कासव हातात घेऊन उंबऱ्यात उभे होते. किती वेळ ऐकत होते कोण जाणे. कोपऱ्यात दवाखान्याच्या गल्ल्यावर बसलेल्या त्यांच्या आईनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे गदगदत होते.

“बाबा,” डॉक्टर म्हणाले, “शिल्लक हा शब्द स्त्रीलिंगी असेल, पण तो बोका आहे!”